मोठ्या चाकांची खुर्ची
नव्या रबराचा वास आला की इंदिरानगरातलं व्हीलचेअरचं ते दुकान आठवतं. आईचे पाय गेले त्याला दोन वर्षं झाली होती. ती कधी हाक मारेल या धास्तीने मी भाजीलाही धड जात नव्हते. म्हणून मला तिच्यासाठी हलकी, स्वतःच्या हातांनी फिरवता येणारी खुर्ची हवी होती. आईने तशा एका मोठ्या चाकांच्या खुर्चीत बसून दुकानात दोन फेऱ्या मारल्या, वळलीसुद्धा झोकात. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिने लहान चाकांच्या, मागून ढकलायच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “ती घे गं. ही घेतलीस तर तू कशाला येशील माझ्याजवळ?” दुकानदार उगाच पावतीपुस्तक चाळू लागला. मी हट्टाने हलकीच घेतली. आजही पाण्याचा तांब्या चार हातांवर असला, तरी आई खुर्चीला ब्रेक लावते आणि मला हाक मारते.