काकी घरकुलात राहिली नाही

बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या घरी सकाळी डबे भरत होते तेव्हा मंदाचा फोन आला. मंदा म्हणजे माझ्या काकीची सून. आई झोपेतच गेल्या, एवढं सांगून ती थांबली आणि मग म्हणाली, "ताई, कुठल्या घरातून न्यायचं?" अंगणात ठेवा, म्हटलं... दोन्ही घरांना अंगण एकच होतं.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना आमचं गाव लागतं. काकीचं तिथलं जुनं घर कुडाचं, कितीही लिंपलं तरी ओल धरायचं. पंचायतीत घरकुलासाठी तिचं नाव मंजूर झालं तेव्हा तिचा एकुलता मुलगा विलास हरखून गेला. जुन्या घराला लागूनच त्यानं पाया खणला. जोतं झालं, पंचायतीचा माणूस मोबाइलवर फोटो काढून गेला, आणि त्याच महिन्यात बाइकच्या अपघातात विलास गेला.

आम्हाला वाटलं, काम आता तसंच पडून राहणार. पण काकीनं अनुदानाच्या पुढच्या हप्त्यासाठी पंचायतीत खेटे घातले, मुरबाडकडचा सदा नावाचा गवंडी आणला. भिंती चढल्या. प्रत्येक टप्प्याला फोटो लागायचा. काकी डोक्यावर पदर घेऊन घरापुढे उभी राहायची, चेहरा कोरा. स्लॅब टाकून झाला आणि काकीनं मंदाचं लग्न त्या सदाशी लावून दिलं. मंदाच्या आईवडिलांना नंतर कळलं, सदाला आधी काकीनंच विचारलं होतं. गावात बरंच बोललं गेलं.

मंदा आणि सदा नव्या घरात राहायला गेले. काकी कुडाच्या घरातच राहिली. सुनेनं बाहेर काढलं, असं काही जण म्हणाले. एवढ्याशा जागेत नवराबायकोच्या मध्ये ती कुठं झोपणार, असं माझी आई म्हणायची. पण मंदा संध्याकाळी तिला बोलवायला जायची, हे मी स्वतः पाहिलंय. एकदा मी काकीला सरळच विचारलं, घर तुझ्या नावावर, त्यासाठी चपला झिजवल्यास तू, मग जात का नाहीस? ती तांदूळ निवडत होती.

"विलास असता तरी गेले असते का, तेच कळत नाय मला," ती म्हणाली.

मलाही कळलं नाही. तिला राग होता म्हणावं, तर मंदाच्या बाळाला तिनंच न्हाऊमाखू घातलं. नव्हता म्हणावं, तर सदाला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. शेवटपर्यंत 'गवंडी'च म्हणायची...

बाराव्यानंतर मी मंदाकडे राहिले. दुपारी सदा कामावर गेलेला, बाळ झोपलेलं. उकडत होतं, म्हणून मी पंख्याखाली फरशीवर आडवी झाले. मंदा जरा घुटमळली.

"ताई, थोडं सरकता का? तिथं आई पडायच्या."

मी उठून बसले. मंदा सांगत होती, ती नळावर गेली की काकी हळूच कडी काढून आत यायची, पंखा लावून गार फरशीवर पडायची. मंदाची चाहूल लागली की मागच्या दारानं निघून जायची. एकदा मंदानं तिला खिडकीतून पाहिलं होतं. लपून का यायची, ते मात्र मंदालाही माहीत नाही.

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलले असते तर यायच्या थांबल्या असत्या. मग मी नळावर मुद्दामच उशीर लावायची."

मी भिंतीकडे सरकले.