रेवतीचे मौन

प्रश्न कोणताही असो, रेवती आधी प्रतिप्रश्न करी, "आजोबा, खरं सांगू की चालेल असं सांगू?" सहा वर्षांची असताना प्रथम आली, तेव्हा मी तिला विचारले होते, "माझा आवाज फार मोठा वाटतो का गं?" तिने हेच विचारले. मी म्हणालो, "खरं सांग." ती म्हणाली, "मग भीती वाटते." त्या दिवसापासून मी माझा स्वर उतरवला.

संस्कृतचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी धायरीतल्या आमच्या घरी रोज सकाळी मुलांना स्तोत्रांची संथा देत असे. मी चरण एकदा म्हणावा, मुलांनी तो दोनदा म्हणावा. माझी नात शाल्मली आणि समोरच्या दारची रेवती एकाच आसनावर, गुडघ्याला गुडघा लावून बसत. डोळे मिटले तर कोणता स्वर कुणाचा हे मलाही सांगता येत नसे. रेवतीचे वडील नागपूरकडचे, हडपसरच्या एका संगणक कंपनीत नोकरीला आलेले. माझी सूनही तशाच कंपनीत. तिची बस सकाळी सातच्या आत येई. मुलगा कामानिमित्त परदेशी, पत्नी निवर्तलेली; त्यामुळे त्या वेळी घरात मोठे माणूस मी एकटाच.

संथेचा एक नियम माझ्या गुरूंपासून चालत आलेला होता. महिन्यातल्या अडचणीच्या चार दिवसांत मुलींनी पठणाला बसू नये. थोरल्या मुलींना तो मी त्यांच्या आयांकरवी कळवी. या दोघी आठवीत गेल्या तरी माझ्या लेखी लहानच होत्या.

त्याच वर्षी रेवती अधूनमधून गैरहजर राहू लागली. निरोप येई, पोट दुखते आहे. दुपारी पाहावे तर ही जिन्यात हसत उभी! पुढे लक्षात आले की मी खोलीत शिरलो की दोघींचे बोलणे थांबते. एके दिवशी त्यांच्या आसनावर मधे वीतभर जागा दिसली, मग हातभर. माझ्या मनात संशयाने घर केले. कोपऱ्यावर नुकताच इंटरनेट कॅफे निघाला होता. सोसायटीतली अर्धी मुले तिथे पडलेली असत. सांगायला लाज वाटते, पण जपाची माळ हातात घेऊन मी गॅलरीतून त्या दाराकडे पाहत बसे. जप किती झाला हे मला सांगता आले नसते, आत कोण गेले ते मात्र सांगता आले असते.

रेवती काही तिथे दिसली नाही. त्यानेही माझा संशय वाढलाच; मला वाटले, मागच्या दाराने जात असेल. शेवटी मी शाल्मलीला गाठले. "न येण्याच्या दिवशी रेवती असते कुठे?" ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "कॅफेत असते बहुतेक," ती म्हणाली.

नवरात्रात सोसायटीच्या मंडपात देवीच्या स्तोत्राचे सामूहिक पठण व्हायचे होते आणि पहिला चरण रेवतीने उचलायचा होता. सात वर्षे ती या दिवसाची वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी सर्व मुलांसमोर मी तिला विचारले, "पोट दुखतं म्हणून सांगतेस आणि जातेस कुठे?"

तिने शाल्मलीकडे पाहिले. शाल्मली सतरंजीकडे पाहत होती.

"खरं सांगू की..."

"खरंच सांगायचं!"

"मग काहीच सांगत नाही, आजोबा."

"असत्य आणि स्तोत्र एका मुखात राहत नाहीत," मी म्हणालो. "पहिला चरण आता शाल्मली म्हणेल." रेवतीने वाकून नमस्कार केला, आपली वही उचलली आणि गेली.

पठणाच्या दिवशी सकाळी शाल्मली नऊवारी नेसून तयार होती. मंडपातून बोलावणे आले आणि ती उंबऱ्यातच अडून राहिली. "आजोबा, मला आज चालत नाही," ती रडत म्हणाली. "मागेही चालत नव्हतं, तरी मी संथेला बसत होते. बाजूला बसलं की सगळ्यांना कळतं ना! थोरल्या मुलींकडून आम्हाला तुमचा नियम कळला होता. रेवती तो पाळायची म्हणून यायची नाही. मला म्हणायची, तू बसतेस ते बरोबर नाही. त्यावरूनच आमचं बिनसलं. तिने स्वतःचं सांगितलं असतं तर तुम्ही माझंही विचारलं असतं. म्हणून ती गप्प राहिली."

मी तसाच समोरच्या दारी गेलो. रेवतीच्या आईने दार उघडले. "काकाजी, पोरगी आठ दिवसांपासून धड जेवून नाही राहिली," एवढेच ती म्हणाली. रेवती बाहेर आली. तेरा वर्षांच्या मुलीपुढे मी हात जोडले आणि म्हणालो, "माझा नियम पाळलास, आणि त्याचीच शिक्षा मी तुला दिली. यापुढे या घरी कोणत्या दिवशी बसायचं हे जिचं तिने ठरवावं. चल, पहिला चरण तुझा आहे."

ती आली. चरण तिनेच उचलला. संथेलाही पुन्हा येऊ लागली, पण बसली ती भिंतीकडेला, निराळ्या आसनावर. मी एकदा खुणेने शाल्मलीशेजारची जागा दाखवली. ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं."

वर्षभराने तिच्या वडिलांची बदली बंगळुरूला झाली. निघण्याच्या दिवशी ती नमस्काराला आली. शाल्मली स्वयंपाकघरात होती. आतली भांडी एकाएकी वाजायची थांबली.

"शाल्मली आत आहे. बोलावू?" मी विचारले.

रेवतीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "नको, आजोबा. ती बाहेर आली, तर मला निघवणार नाही."