नानांची माकडं आणि आमचं पॉलिश

चांदीच्या कारखान्यात केर कधी फेकत नाहीत. त्यात चांदीचा कीस असतो, म्हणून तो डब्यात साठवतात आणि वर्षाकाठी जाळून चांदी वेगळी काढतात. किश्श्यांचं तसं नाही हो! ते नुसतेच साठत जातात, आणि चाळायला बसलं की आपल्यालाच चटका बसतो.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या सराफ बाजारामागच्या एका कारखान्यात लागले. तयार माल तपासायचा, पॉलिशला द्यायचा आणि खोक्यात भरायचा, हे माझं काम. समया, ताटं काय, कुठेही मिळायची. आमचं नाव होतं ते चांदीच्या प्राण्यांमुळे. मुंबईच्या बंगल्यांतून ऑर्डरी यायच्या! आणि प्राणी घडवायचे एकटे नाना. मूळचे चांदवडकडचे, बारीक छिन्नीनं माकडाचा केसन्‌केस उठवणारे.

नानांची एक पद्धत होती. रेघांच्या खोलात ते चांदी काळपट ठेवायचे. "काळं हाय म्हनून उजेड दिसतो," म्हणायचे. पॉलिशच्या मशीनवर, म्हणजे आमच्या भाषेत बफवर, त्यांचा भारी राग. कापडाचं ते चाक गरगर फिरतं, चकाकी आणतं आणि बारीक रेघा खाऊन टाकतं.

*

माकडं बघायला नाना दर रविवारी तपोवनात जायचे. एका सोमवारी बिनचष्म्याचे आले.

"नाना, चष्मा?"

"माकडानं नेला. आन्‌ डोळ्याला लावून बसलं ना!"

"मग हसताय काय?"

"अगं, त्याला काय दिसंना, तवा त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. तशा आठ्या मी कधी बघितल्याच नव्हत्या!"

त्या आठवड्याच्या माकडाच्या कपाळावर त्या आठ्या हजर. चष्मा मात्र महिनाभर आला नाही. त्यांच्या डोळ्यांकडे तेव्हाच कोणी नीट बघायला हवं होतं, असं आता वाटतं.

*

एका गिऱ्हाइकानं हत्तींची जोडी परत पाठवली. सोंड खाली का? वर असली की लक्ष्मी येते म्हणे! कारखान्याचे मालक, आमचे शेठ, नानांना म्हणाले, "करून द्या वर, काय बिघडतं?"

नाना म्हणाले, "दोनी बी सोंडा वरच करतो. पन शेठ, मंग त्यांनी पानी कधी प्यायचं?"

शेठनी पुढं चार दिवस नानांशी बोलणं टाकलं. सोंडा अर्थातच वर झाल्या.

*

मग एका गोशाळेच्या देणगीदारांसाठी चांदीच्या गाई केल्या. शहरात मोठा समारंभ. स्टेजवर मखमलीच्या टेबलावर गाईंची रांग, आणि भाषणं चालू असताना एक खरीखुरी गाय मंडपात शिरली. थेट हारांच्या टोपलीशीच! स्वयंसेवक काठ्या घेऊन धावले. गोसेवेवरचं भाषण काही थांबलं नाही.

नाना शेवटच्या रांगेत होते. ते उठले, आपल्या नाश्त्याच्या पुड्यातलं केळं त्यांनी गाईला दिलं आणि तिला रस्त्यापर्यंत सोडून आले. परत येऊन मला म्हणाले, "तिचंच चुकलं. चांदीची हून यायला पायजे व्हतं!"

मी खो खो हसले. ते हसले नाहीत.

*

पुढं नानांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे तीही जाणार. त्याच वेळी जनावरांच्या दवाखान्यासाठी लिलाव ठरला आणि शेठनी त्यासाठी एक वस्तू द्यायची कबूल केली. नानांनी माकडीण करायला घेतली. पोटाला पिल्लू, आणि पिल्लाची बोटं आईच्या केसांत रुतलेली. एकेक बोट सुटं! डोळ्यांना पाणी लागायचं, पुसायचे आणि पुन्हा वाकायचे. तीन महिने लागले.

माझ्या हातात देताना म्हणाले, "पोरी, हिला बफ लावू नको. एवढी एक ऱ्हाऊ दे माझ्या हातची."

"नाही लावणार नाना. शब्द!"

लिलावाच्या आदल्या दिवशी शेठनी ती उचलून बघितली. "हे काय, काळी? देणगीदार म्हणतील, धुतलीसुद्धा नाही! एक हात मारून घ्या."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. नोकरी काही गेली नसती. पण मी ती बफवर दिली आणि वर पॉलिशवाल्याला म्हटलं, "हलक्या हातानं हं!" पाच मिनिटांचं काम. माकडीण आरशासारखी लखलखली, आणि पिल्लाची बोटं आईच्या पोटात विरघळून गेली.

लिलावात सगळ्यात जास्त बोली तिलाच लागली. दवाखान्याला एक्स-रे मशीन मिळालं, मुकी जनावरं बरी झाली, हे खरंच आहे. मी रोज स्वतःला तेच सांगायचे. नानांना यातलं काही सांगितलं नाही.

*

दोनेक वर्षांनी ती माकडीण पुन्हा चकाकी द्यायला आमच्याकडे आली. नानांना तोवर काहीच दिसत नव्हतं. सवयीनं सकाळी कारखान्यात येऊन बसायचे, सून आणून सोडायची. शेठना काय हुक्की आली, त्यांनी ती उचलून थेट नानांच्या हातात ठेवली. "नाना, ओळखा बघू!"



नानांनी अंगठा तिच्या कपाळावरून फिरवला. मग गालांवरून, खाली पोटावरून. तिथं अंगठा थांबला, मागं गेला, पुन्हा आला. बराच वेळ ते चाचपडत होते.

"कोनी केलंय हे?" त्यांनी विचारलं. "हात नवा दिसतोय."

शेठनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नवाच आहे, नाना. शिकतोय."

नानांनी माकडीण अंदाजानं माझ्या दिशेला धरली.

"त्याला रागवू नको, पोरी," ते म्हणाले. "बोटं सुटी करायला मला बी लय वर्सं लागली."