भावोजींचा ड्रायसूट

माझे भावोजी पाणबुडे आहेत. पाणबुडे म्हटलं की लोकांना मोतीबिती आठवतात. आमचे भावोजी बंदरातल्या गार, गढूळ पाण्यात उतरून बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर कापतात. एकतीस वर्षं हेच. जमिनीवर त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण पाण्याखाली नुसतं चाचपून कुठला नट ढिला झालाय ते सांगतील.

माझं दुकान बंदराच्या मागच्या गल्लीत. मी ड्रायसूट दुरुस्त करते. ड्रायसूट म्हणजे गळ्यापासून पायापर्यंत बंद पोशाख. आत जाड उबदार कपडे घालायचे, वर हा चढवायचा. गळ्याला आणि मनगटांना रबरी पट्ट्या घट्ट बसतात, त्यामुळे आत पाण्याचा थेंब जात नाही. गेला की लोक माझ्याकडे येतात, आणि चूक कायम सुटाचीच असते. माझी ढेरी सुटली असं सांगत आजवर एकही आलेला नाही.

त्या सोमवारी भावोजी नवा कोरा सूट काखोटीला मारून आले. "मेहुणीबाई, ज्याने हा शिवला त्याला समोर उभा कर. गळा दाबतो, कंबर काचते, हात वर जात नाही!"

"मापं कोणी दिली?"

"मीच."

"कशी घेतलीत?"

मग एकेक बाहेर आलं. नुसत्या बनियनवर, ताठ उभं राहून, पोट आत ओढून, श्वास रोखून. टेप ताईने धरली होती. "ती म्हणत होती श्वास सोडा. मी म्हटलं, तू आकडे वाच."

मी कपाळावर हात मारला. अहो, माप घ्यायचं ते आतले जाड कपडे घालून, हात डोक्यावर नेऊन आणि उकिडवं बसून. हे एकतीस वर्षांच्या पाणबुड्याला मी सांगायचं?

पण चेष्टेची वेळ नव्हती. शुक्रवारी वर्षाची चाचणी होती. सूट घालून, पाठीवर सिलिंडर बांधून, हात डोक्यामागे न्यायचा आणि हवेची चावी बंद करून परत उघडायची. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. नाही जमलं तर पाण्यात उतरणं बंद, गोदामात बसून हातमोज्यांच्या जोड्या लावायच्या. गोदामाचं नाव काढलं की भावोजींच्या तोंडचं पाणी पळायचं. एक पळवाट मात्र होती. सूट बसत नाही असं मी चिठ्ठीवर लिहून दिलं, तर चाचणी दोन महिने पुढे जाते आणि तोवर जुन्या सुटात काम चालू राहतं.

"चिठ्ठी लागणारच नाही," मी म्हटलं. "बसवून देते."

गळ्याची पट्टी रात्रभर पातेल्यावर ताणून ठेवली. सकाळी घातली तर भावोजींचं वांगं झालं. मग कडेची एक बारीक चकती कापली. "अजून काप," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कापलेलं परत चिकटत नाही, दम धरा!" दुसरी चकती कापल्यावर रंग माणसात आला. कंबर सैल व्हावी म्हणून दोन्हीकडे कापडाचे पट्टे जोडले. आतले खांदपट्टे सैल केले तेव्हा कुठे ते गुडघे वाकवू शकले. बूट मोठे होते. पायात हवा साचली तर पाण्यात माणूस उलटा होतो, म्हणून जाड मोजे चढवले.

शेवटी मी म्हटलं, "आता उकिडवे बसा, स्वतःला मिठी मारा, गळ्याच्या पट्टीत बोट घालून आतली हवा काढा." हवा निघाली, पण असा काही आवाज करत, की दारातल्या गिऱ्हाईक बाई आल्या पावली परत गेल्या.

"सूट वाजला हो!" भावोजी मागून ओरडत होते.

बुधवारपर्यंत सगळं जमलं. फक्त डावा हात कानाशी येऊन थांबायचा. मी बगलेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातली. कानाशीच. गुरुवारी आणखी मोठी घातली. त्या बाहीत आता आणखी एक हात मावला असता. तरी हात कानाशीच!

"सुटाचाच दोष," भावोजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"काढा सूट," मी म्हटलं. "हं, आता करा वर."

नुसत्या बनियनवरही हात कानाशीच थांबला.

भावोजी स्टुलावर बसले. म्हणाले, "सूट दुरुस्त होतो गं. तू लिहून दे ना, बसत नाही म्हणून."

मला या माणसाने पोहायला शिकवलंय. पण मला राग आला की तो आधी तोंडातून बाहेर पडतो. "आणि खाली नळी फुटून हवा बंद करायची वेळ आली, हात पोचला नाही, तर? ताईला काय सांगू मी? बगल जरा घट्ट होती?"

चिठ्ठीवर लिहिलं, 'सूट बरोबर बसतो.' सही केली. भावोजींनी चिठ्ठी घेतली, सूट घेतला आणि गेले. मी मशीनवर डोकं ठेवून रडले.

शुक्रवारी त्यांनी सूट अंगात घातलाच नाही म्हणे. चाचणीवाल्या साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सूट झकास आहे. डावा खांदा गेलाय." साहेबांनी सहा महिने डॉक्टरचे उपचार घ्यायला सांगितलं. तोवर गोदाम नाही, काठावर उभं राहून खाली उतरलेल्या पाणबुड्यांचा दोर धरायचा.

संध्याकाळी मी भीत भीत ताईकडे गेले. ती कांदा चिरत होती.

"ताई, रागावू नकोस. त्यांचा खांदा..."

"मला काय सांगतेस? दोन महिने शर्टाची डावी बाही मीच चढवतेय त्यांना."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा बोलले. दर वेळी म्हणाले, सूट घट्ट आहे. नवा आला तरी तेच. मग म्हटलं, जा, माझ्या बहिणीला दाखवा." तिने सुरी खाली ठेवली आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले. "रोज संध्याकाळी दारात त्यांचे बूट वाजेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा गं माझा. आज दुपारी झोपले मी. चांगली दोन तास."