थांबवणाऱ्याची सही

टाइमकीपर आमच्या ऑफिसात आले की आधी झाडांची हजेरी घ्यायचे. माणसांना नमस्कार त्यानंतर, तोही वेळ उरला तर. दर शुक्रवारी साडेदहाच्या सुमारास ते काचेचं दार खांद्यानं ढकलून आत यायचे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि काखेत हजेरीचं लांबलचक मस्टर. दाराजवळच्या पामसमोर उभं राहून ते चष्मा पुसायचे आणि खणखणीत आवाजात पुकारायचे, "एकशे बारा!" दोन क्षण थांबून उत्तरही स्वतःच द्यायचे, "हजर."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तो माझ्या नोकरीचा दुसराच दिवस होता. मला वाटलं, कर्मचाऱ्यांची हजेरी चालू आहे. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मला अजून नंबर मिळालेला नाही." सगळं ऑफिस हसलं. ते मात्र हसले नाहीत. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "मिळंल की. घाई काय हाय?" हा माणूस माझी थट्टा करतोय की धीर देतोय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढच्या सहा वर्षांतही फारसं कळलं असं नाही.

आमचं ऑफिस पशुखाद्याच्या कंपनीचं, बारामतीच्या एमआयडीसीतलं. टाइमकीपर राहायचे भवानीनगरकडे. एका साखर कारखान्यात तीस वर्षं कामगारांची हजेरी घेऊन ते निवृत्त झाले होते आणि आता ऑफिसांना भाड्यानं झाडं पुरवत होते. घरामागं हिरव्या जाळीखाली त्यांच्या सत्तर-ऐंशी कुंड्या होत्या. बँकेच्या दोन शाखा, एका डॉक्टरांची बाहेरची खोली, इंदापुरातलं ट्रॅक्टरचं शोरूम आणि आम्ही, एवढी त्यांची फेरी. मी घरी वडगावला हे सांगितलं तेव्हा वडील जेवता जेवता थांबले. "झाड भाड्यानं? ते काय ऑफिसात नांगराला जुंपत्यात?" 

उत्तर टाइमकीपरांकडं होतं. त्यांच्या लेखी ते जुंपणंच होतं. एसीची हवा, ऊन नाही, वर पांढऱ्या दिव्यांचा उजेड. "ह्या थंड्या डब्यात दिसरात उभं ऱ्हायाचं म्हंजी खायाचं काम हाय व्हय?" असं ते म्हणायचे. म्हणून प्रत्येक झाडाची पाळी ठरलेली. तीन शुक्रवार ड्यूटी, मग घरी जाळीखाली रजा. एक झाड टेम्पोतून उतरायचं, त्याच्या जागचं दुसरं टेम्पोत चढायचं. बदली आल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही आणि बदली आल्यावर कुणाला अडवायचं नाही, हे कारखान्यातले दोन्ही नियम त्यांनी कुंड्यांना जसेच्या तसे लावले होते.

कुंड्यांच्या गळ्यात बिल्लेसुद्धा कारखान्याचेच. तिथं अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा कामगारांचे जुने पत्र्याचे बिल्ले भंगारात निघाले. टाइमकीपरांनी ते मागून घेतले आणि प्रत्येक कुंडीला एकेक तारेनं बांधला. त्यामुळं सत्तर-ऐंशी झाडांत नऊशे चाळीस नंबरचंही झाड असायचं. कुठला बिल्ला कुणाचा होता, हे त्यांना पाठ होतं. निदान मला तसं वाटायचं.

मस्टरमध्ये चार रकाने होते. नंबर, हजर की रजेवर, शेरा, आणि शेवटचा 'थांबवणाऱ्याची सही'. कारखान्यात एखाद्याला पाळी संपल्यावरही कामावर ठेवलं, म्हणजे डबल ड्यूटी दिली, की ज्या साहेबानं ठेवलं त्याची सही लागायची. एका दिवाळीत आमचे मॅनेजर म्हणाले, "हा पाम एवढा छान दिसतोय, अजून एक आठवडा राहू द्या." टाइमकीपरांनी मस्टर उघडून त्यांच्यापुढं धरलं. साहेब हसत म्हणाले, "अहो, झाडासाठी सही?"

"झाडासाठी न्हाय. तुमच्यासाठी. ह्येला कुणी अडवलं, ते लिवून ठिवायचं असतंया."

साहेबांनी सही केली खरी, पण पुढच्या शुक्रवारी पाम जाईपर्यंत ते केबिनमध्ये मागच्या दारानं जात होते.

माझं टेबल झेरॉक्स मशीनशेजारी, भिंतीकडं तोंड करून होतं. खिडकी नाही. शेजारी कोपऱ्यात उभा असायचा तीनशे अठरा. रबराचं झाड, रुंद, तुकतुकीत पानांचं, माझ्या खांद्याएवढं उंच. सुरुवातीच्या महिन्यांत ऑफिसात माझ्याशी कामापलीकडं कुणी बोलत नव्हतं आणि मीही काही कमी तुसडी नव्हते. डबा मी त्या झाडाकडं बघत खायची. ओल्या रुमालानं त्याची पानं पुसायची. माझा जीवच जडला होता त्याच्यावर, आणि हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. तो रजेवर गेला की माझे आठवडे कोरडे जायचे. त्याच्या जागी येणाऱ्या झाडाशी मी नीट वागत नसे.

"आबा, तीनशे अठरा कुणाचा बिल्ला होता?" मी टाइमकीपरांना एकदा विचारलं.

"एक फिटर हुता. गाणं म्हणायचा."

वर्षभरानं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "गव्हाणीत ऊस टाकणारा माणूस. तीस सालात एकदाबी उशीर न्हाय." तिसऱ्यांदा विचारलं तर नुसतंच म्हणाले, "हुता एक." मी म्हटलं, "आबा, तुम्ही दर वेळी वेगळंच सांगता." त्यावर म्हणाले, "तुमीबी दर वर्षाला वेगळ्याच दिसताय की, ताई." 

खोट्या हजेरीचे किस्से ते रंगवून सांगायचे. एकाचा बिल्ला दुसऱ्यानं दाखवायचा आणि पहिल्यानं घरी झोपायचं, हा कारखान्यातला जुना धंदा. तीस वर्षांत एकही आपल्या हातून सुटला नाही, याचा त्यांना अभिमान होता. "बिल्ला बदलंल, पर चाल कशी बदलंल? लांबनं चाल बघितली की वळखायचो." मी मनात म्हणायची, झाडं कुठं चालतात?

तेच मनात धरून मी ते केलं. त्या वर्षी ऑफिसात ज्या दोघींशी माझं जमलं होतं, त्यांपैकी एकीची बदली झाली आणि दुसरी लग्न होऊन गेली. पुन्हा मी आणि भिंत. त्यात शुक्रवारी तीनशे अठराची रजा. निदान हा तरी जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मीटिंगच्या खोलीत सत्त्याहत्तर नंबरचं तसंच रबराचं झाड नुकतंच आलं होतं. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी दोन्ही कुंड्यांच्या तारा सोडल्या आणि बिल्ले बदलले.

शुक्रवारी टाइमकीपर माझ्या टेबलाशी आले. बिल्ला हातात धरून त्यांनी वाचला, "सत्त्याहत्तर." मग झाडाकडं बघितलं. मी कॉम्प्युटरच्या पडद्यात तोंड घातलं होतं. बराच वेळ गेला असावा, कारण तेवढ्यात झेरॉक्सच्या चार प्रती निघाल्या. "हजर," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीतलं, तीनशे अठराचा बिल्ला लावलेलं, आठवडाभरापूर्वीच आलेलं झाड उचलून घेऊन गेले.

चोरी पचली की हात सरावतो. ते दुसरं झाड रजेवरून परत यायचं आणि दर वेळी पाळी भरत आली की मी पुन्हा दोघांचे बिल्ले बदलायची. असे बारा शुक्रवार माझं झाड जागेवरून हललं नाही. आठव्या आठवड्यात त्याची खालची पानं पिवळी पडली. मी जास्त पाणी घातलं. मग चहाचा धुतलेला चोथा घातला, अंड्याची टरफलं घातली. पानं गळत राहिली. तेराव्या शुक्रवारी काठीला शेंड्यापाशी तीन पानं उरली होती आणि आता ते गेलं नाही तर मरेल, हे मलाही दिसत होतं. मी बिल्ले जागच्या जागी लावले आणि बोलणी खायला तयार होऊन बसले. डोळ्यांत पाणी होतं ते वेगळंच.

त्यांनी बिल्ला वाचला. "तीनशे अठरा." उत्तर दिलं नाही. कुंडी छातीशी धरून उचलली आणि म्हणाले, "लई दमलाय." बास. ना प्रश्न, ना मस्टर पुढं केलं.

पुढं दोन-अडीच महिन्यांनी तीनशे अठरा परत आला तो गुडघ्याएवढा. चार कोवळी पानं. मी विचारलं, "आबा, हा तोच का?"

"नंबर त्योच हाय."

"झाड तेच आहे का, ते विचारतेय."

"कारखान्यात माणूस गेला की त्येचा नंबर नव्या पोराला द्यायचे," एवढं बोलून ते पामकडं वळले. म्हणजे जुनं मेलं का? की नाही? मी त्या छोट्या झाडाकडं कितीतरी दिवस संशयानं बघत होते. टाइमकीपरांची नजर अधू झाली असावी, म्हणून माझी लबाडी त्यांच्या लक्षात आली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच वर्षी झालं, तेव्हा समजूत सोयीची होती.

यंदा कारखान्यांचा हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात टाइमकीपर गेले. एका शुक्रवारी हजेरी झाली नाही आणि सगळं ऑफिस साडेदहाला उगाच दाराकडं बघत राहिलं. पामसमोर जाऊन मॅनेजरसाहेबांनी हळूच "एकशे बारा" म्हटल्याचं मी ऐकलं. पुढं काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नसावं.

पंधरा दिवसांनी त्यांची सून कल्पना टेम्पो घेऊन आली. फेरी आता ती चालवणार होती. झाडं तिला चांगली कळत होती. अडचण होती ती मस्टरची. ती माझ्या टेबलाशी बसली आणि जुनं मस्टर उघडून म्हणाली, "ताई, आबा हितल्या सगळ्यांत तुमच्याशीच जास्त बोलायचे. ह्ये जरा सांगा मला. ह्यो तीनशे अठरा. बारा आठवडं लागोपाठ 'डबल' लिवलंय. असं दुसऱ्या कुठल्याच झाडाला न्हाय."

मी वाकून बघितलं. त्यांचं ते सरळ, टोकदार अक्षर. पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे ज्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर "सत्त्याहत्तर" वाचलं त्याच दिवशी, तीनशे अठरासमोर लिहिलं होतं, 'डबल'. त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आठव्या शुक्रवारी शेरा होता, 'पाने गळती'. दहाव्याला, 'गुटी बांधली'.

"गुटी कधी बांधली?" मी विचारलं.

"तुमी जाग्यावर नसताना कवातरी बांधली आसंल. शेंड्याखाली भिंतीकडच्या फांदीची साल सोलून ओलं शेवाळ बांधायचे ते, कुणाला दिसायची न्हाय, आन मुळ्या फुटल्या की फांदी कापून कुंडीत लावायचे. ह्यो आत्ताचा तीनशे अठरा त्येच्याच फांदीचा हाय. जुनी काठी वाळली."

म्हणजे झाड मरणार हे त्यांना माहीत होतं. मॅनेजरशी एका आठवड्यासाठी वाद घालणाऱ्या माणसानं माझ्यासाठी बारा आठवडे तोंड उघडलं नाही. माझ्या हौसेपायी एक झाड जाऊ दिलं आणि त्याचं मूल मागं ठेवून घेतलं. माझी कीव केली? की मी आपणहून बोलेन, याची वाट बघितली? मी खूप विचार केलाय. डोकं चालत नाही.

"आणि हा बिल्ला कुणाचा होता गं?" मी विचारलं.

"मला म्हणायचे, कुणाचाच न्हाय, कोरा हुता." चौथं उत्तर. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं.

कल्पनानं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आन ह्ये बघा. जितं जितं डबल हाय तितं सही हाय. हितंच बारा घरं कोरी. आबा सही घेतल्याबिगर फुडं जायाचे न्हाईत. कुणाची ऱ्हायली, तुमाला म्हाईत हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

मी त्या बारा घरांत बारा सह्या केल्या. घाई केली नाही, प्रत्येक घरात पूर्ण नाव लिहिलं.  शेवटच्या सहीची शाई वाळेपर्यंत तिनं मस्टर उघडंच ठेवलं, मग मिटलं आणि कोपऱ्यातल्या कुंडीकडं वळून म्हणाली, "ताई, ह्येचीबी पाळी भरली की आज."

झाड आता पुन्हा माझ्या खांद्याला लागलंय. मी कुंडी छातीशी धरून उचलली आणि टेम्पोपर्यंत मीच नेली.