काकूंचं किचन आणि स्पेनचा राजा

सिडनीतल्या लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये मी क्वेकर्स हिलला एका काकूंच्या घरी भाड्याने राहत होते. काकू खाली, वर आम्ही तीन मुली. वायफायचा मोडेम माझ्या खोलीत होता, त्यामुळे झूमवर मी कधी अडकत नसे. युनीचं शेवटचं सेमिस्टर होतं आणि काहीही झालं तरी मला ती खोली सोडायची नव्हती.

इतिहासाचा एक मोठा निबंध लिहायचा होता. कॅथलिक संन्याशांच्या एका संघाला स्पेनच्या राजाने हाकलून दिलं होतं. पुढे त्याच्या नातवाने त्यांना परत बोलावलं, शाळाही परत दिल्या. मग राज्यघटना मागणाऱ्या उदारमतवाद्यांविरुद्ध संघ राजाच्या बाजूने उभा राहिला. ‘शाळांसाठी त्यांनी विवेक गहाण टाकला,’ असं मी लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फारच भारदस्त वाटत होतं.

दुपारी दोन ते पाच काकूंची झोप, म्हणून तेव्हा किचन बंद. आमच्यातली एक जवळच्याच वृद्धाश्रमात काम करायची. तिची शिफ्ट तीनला संपायची. ती हळूच खाली जाऊन वरण गरम करून घ्यायची.

एकदा काकू माझ्या दारात आल्या. “तू कॉन्व्हेंटची ना? दुपारी किचनमध्ये कोण जातं, जरा वहीत लिहून ठेवशील? तुझ्यासारखी शांत मुलगी आहे म्हणून ही खोली तुला दिलीय हं.”

शाळेत सिस्टर वर्गाबाहेर गेल्या, की बोलणाऱ्यांची नावं मी फळ्यावर लिहायचे. मी स्वतः कधी बोलत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे. काकूंनी दिलेल्या वहीत मी आधी लाल पेनाने समास आखला.

त्याच आठवड्यात वृद्धाश्रमवाली एक कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, ‘किचन सगळ्यांना, सगळ्या वेळी. आवाज न करता.’ तिची आणि तिसरीची सही झाली होती.

“तू पण कर ना. तिघींच्या सह्या असल्या की काकू ऐकतील.”

“आधी निबंध सबमिट करते.”

“अगं, सहीला काय रेफरन्स लागतात?”

मी हसले. सही केली नाही.

चार दिवसांनी काकूंनी वही तिच्यापुढे धरली. तिने पान वाचलं, समासावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. “तीन वाजून बारा मिनिटं. घड्याळ लावून बसायचीस का गं?” मी सॉरी म्हणाले. “नो वरीज,” ती म्हणाली. महिनाअखेरीस ती हॅरिस पार्कला राहायला गेली. तिसरीही तिच्याबरोबर गेली.

निबंधाला चांगले मार्क मिळाले. ट्यूटरने खाली लिहिलं होतं, की संघावर मी जरा कठोर झाले आहे. त्यांना काय गमावण्याची भीती होती, याचा विचार करायला हवा होता.

ते मी माझ्या खोलीत, उत्तम वायफायवर वाचलं. काकूंनी सकाळीच वही परत मागून घेतली होती. “आता कुणाचं लिहिणार?” म्हणाल्या.

तीन वाजले होते. मला भूक लागली होती. किचन पाचला उघडणार होतं.