मामंजींनी देव पुढच्या खोलीत आणला

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, धंद्यानं शिंपी होते आणि घराकडेही शिंप्याच्याच नजरेनं बघायचे. अंगाला बसत नसेल तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. मी सोलापूरहून लग्न होऊन म्हैसूरला आले, त्या पहिल्या आठ महिन्यांत घरातलं कपाट तीनदा हललं, पाण्याचं पिंप दोनदा हललं, आणि सासूबाईंची खाट किती वेळा हलली ते त्यांनाच ठाऊक. त्या म्हणायच्या, "या घरात जाग आली की स्वल्प थांबायचं मा. आपण कुठल्या भिंतीला हाय ते बघून मग पाय खाली टाकायचा."

हलवाहलवीची त्यांची रीत ठरलेली होती. गळ्यातली टेप काढून वस्तू मोजायची, आणि कापडावर आखायच्या निळ्या खडूनं तिचा चौकोन लाल जमिनीवर काढायचा. मग एक अख्खा दिवस वस्तू तिथं आहे असं समजून सगळ्यांनी वावरायचं. मी एकदा घाईत चौकोनावरून गेले तर मशीनवरून ओरडले, "मगळे, कपाटातनं चाललीस की!" मुलीला कन्नडात जशी हाक मारतात तशी ते मला मगळे म्हणत. नाव क्वचितच घेतलं असेल.

सगळं जमायचंच असं नाही. एकदा कपाट आणि खाट अशी बोटभरही जागा वाया न घालवता बसवली, की कपाटाची दारं उघडायला जागाच उरली नाही. पंधरा दिवस आम्ही फटीतून हात घालून साड्या ओढून काढत होतो. नणंद हसून हसून बेजार झाली. मामंजी फुरंगटून म्हणाले, "कापडाला दार नसतंय. मला काय सुचणार ते?" तरी पुन्हा खडू घेतलाच.

मला मात्र त्या दिवसांत हसू येत नव्हतं. म्हैसूरच्या नजरबाद भागातलं ते घर लांबट होतं. पुढं मामंजींचं दुकान, मधली खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून देवघर. मधल्या खोलीत पडदा बांधून आमचा संसार. पाण्याला जाणारा, परसात जाणारा प्रत्येक माणूस आमच्या उशाशेजारून जायचा. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर कुजबुजून. रडू आलं तरी तोंडात पदर धरून. घरातली कन्नडमिश्रित मराठी मला निम्मी कळायची, पुरे म्हणायला साकु, गप म्हणायला सुम्ने, आणि माझी मराठी ऐकून नणंद म्हणायची, "वहिनी पुस्तकातलं बोलते." माणसं वाईट नव्हती, उलट चांगलीच होती. पण दार लावून बसायला हातभर जागा नाही, या एका गोष्टीनं मी इतकी उबगले की माहेरी निघून जायचं मनात पक्कं केलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

कडी लागेल असं दार घरात एकाच खोलीला होतं, देवघराला. तिथं पितळेचे विठोबा-रखुमाई, पणजोबांपासूनचे. दर एकादशीला आमच्या समाजातली दहा-बारा मंडळी तिथं भजनाला दाटीवाटीनं बसायची. ती खोली हलवायची गोष्ट खुद्द मामंजींनीही कधी काढली नव्हती.

आणि एका सकाळी त्यांनी तिथंच खडू नेला. खाटेचा चौकोन काढला. भिंतीकडून अडीच फूट जागा मोकळी सोडली. नणंदेनं विचारलं, "अप्पा, इथं काय?" मामंजी सहज म्हणाले, "पोरांच्या कपड्यात आत कापड राखतो की नाही आपण? वाढीला." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. कान लाल झाले. टेप गुंडाळत ते जे बाहेर गेले ते जेवायलाच आत आले. मी चुलीपुढं मान खाली घालून बसले होते.

देव पुढच्या खोलीत आले, कापड बेतायच्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या फळीवर. एकादशीला मंडळी जमली आणि उंबऱ्यातच थबकली. पेटी वाजवणारे थोरले काका म्हणाले, "गिऱ्हाईक चपला घालून येतंय तिथं देव? सुनेसाठी देवाला बाहेर काढलास?" मामंजी म्हणाले, "चपला बाहेर काढायला सांगतो. आणि त्याला दार कशाला पायजे? तो कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर उभाच हाय. दार पोरांना पायजे." काका पेटी उचलून परत गेले. त्यांच्यामागे सगळे गेले.

पुढच्या दोन एकादशींना कोणी आलं नाही. मामंजी टाळ घेऊन एकटे बसले. त्यांचा आवाज तसा बेताचाच, मंडळींत मिसळून जायचा. एकटा ऐकवत नव्हता. मला इतकी लाज वाटली की मी जाऊन म्हटलं, "मामंजी, देव आत नेऊ या." तर म्हणाले, "सुम्ने बस. टाळ धर." मी धरला. मला ताल येत नव्हता. तिसऱ्या एकादशीला काका पेटीसकट आले, चपला बाहेर काढल्या आणि सूर धरला.

त्या खोलीत आम्ही एकोणीस वर्षं राहिलो. राखलेल्या जागेत आधी पाळणा आला, मग लेकीचं अभ्यासाचं टेबल.

मामंजी थकले, खाटेला खिळले, तेव्हा एका दुपारी पेज भरवताना माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मामंजी, तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही देव हलवलात त्याच आठवड्यात मी वडिलांना पत्र लिहिलं होतं, मला न्यायला या म्हणून. ते आले, तोवर खोली झाली होती. मी त्यांना म्हटलं, नुसती आठवण आली होती."

"ठाऊक हाय."

"कसं ठाऊक? वाचलंत?"

"दुसऱ्याचा कागद वाचतात काय? पोस्टाच्या पेटीत टाकायला तू माझ्याच हातात दिलास. देताना वर बघितलं नाहीस."

"मग टाकलात कशाला?"

दम लागला होता. तरी म्हणाले, "पोरीचा बापाला लिहिलेला कागद, मी कोण अडवणार? कागद जायला चार दिवस, माणूस यायला दोन. सहा दिवस साकु होते मला."